कॅसिओ एफएक्स-९९१ईएक्स : मूळ अवयव पाडणाऱ्या एका बटणासाठी घेतलेला कॅल्सी

आधीच सांगते, हा कॅल्सी मी काही इंजिनिअरिंगसाठी घेतलेला नाही. ह्याच्यात ५५२ फंक्शन्स आहेत आणि त्यातली पाचशेच्या वर माझ्या काहीच कामाची नाहीत. मी घरी पाचवी ते आठवीच्या ट्यूशन घेते, त्यात स्कॉलरशिपवाली पण पोरं असतात, आणि विभाजक, मूळ अवयव, मसावि-लसावि ह्यावर पेपर काढायचा म्हटलं की अख्खा शनिवार जातो. मागच्या वर्षी मीच माझ्या उत्तरसूचीत २२१ ही मूळ संख्या म्हणून छापली आणि सातवीतल्या एका पोरीने उठून फळ्यावर १३ × १७ लिहून दाखवलं. वर "मॅडम चालतं" असं पण म्हणाली. त्या दिवशी ठरवलं की आता काहीतरी घ्यायचंच.

आधी फुकटची अ‍ॅप्स वापरून बघितली. नावं घेत नाही, पण एकात मराठी भाषा निवडली तर मूळ अवयवला "मुख्य घटक" आणि विभाजकांना पण "घटक", म्हणजे नक्की काय विचारलंय तेच कळेना, आणि दर दोन गणितांनी रमीची जाहिरात. पोरांसमोर ते उघडायची सोय नाही. दुसरं एक तर १ला पण मूळ संख्या म्हणत होतं, ते त्याच दिवशी उडवलं. मग कॅल्सीच घेऊ म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला तो कव्हर तडकलेला आला, परत पाठवला, शेवटी अप्पा बळवंत चौकात जाऊन घेतला. तिथे दुकानदाराने मला "मुलगा कुठल्या इयरला आहे ताई" विचारलं, मी म्हटलं माझ्यासाठीच पाहिजे.

आता कामाचं. संख्या टाकायची, बरोबरचं चिन्ह दाबायचं, मग शिफ्ट दाबून ते अंश-मिनिट-सेकंदवालं बटण, ज्याच्यावर बारीक अक्षरात फॅक्ट लिहिलंय. बास, मूळ अवयव हजर. पहिली संख्या टाकली ६१७४, आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांची. आलं २ × ३² × ७³. इतकी वर्षं मी पोरांना ते सांगतेय, चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत, मोठ्यातून लहान मांडणी वजा करत जा, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतं, पण ह्या संख्येच्या पोटात सातचा घन बसलाय हे कधी बघितलंच नव्हतं! मग लगेच घातांकात एकेक मिळवून गुणायचं, २ × ३ × ४, म्हणजे एकूण २४ विभाजक. आणि गंमत म्हणजे ३६० चे पण २४च होतात, २³ × ३² × ५ आहे ना, ४ × ३ × २. एवढीशी ३६० आणि एवढी मोठी ६१७४, विभाजक सारखेच. पोरांना वाटतं संख्या मोठी म्हणजे विभाजक जास्त, हा गैरसमज घालवायला ही जोडी भारी आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. पाचवीच्या पोरांना घातांक शिकवलेलेच नसतात, त्यांना २ × ३ × ३ × ७ × ७ × ७ असं लांबलचक लागतं, आणि तसं दाखवायची सोय मला तरी सापडली नाही. आणि तो फक्त उत्तर देतो, उभी मांडणी नाही, दोनने भाग, परत दोनने भाग, मग तीनने, ते काही दिसत नाही. त्यामुळे शिकवायला ह्याचा उपयोग नाही, तपासायला आहे. माझ्या क्लासमध्ये नियम आहे की आधी वहीत करायचं मग कॅल्सी हातात मिळेल. परीक्षेत तर तो न्यायचाच नाहीये, तिथे ५१, ५७, ९१ ह्या लबाड संख्या तोंडावरच ओळखता आल्या पाहिजेत. सतरा त्रिक एकावन्न, एकोणीस त्रिक सत्तावन्न, तेर साती एक्याण्णव, पाढे येत असतील तर फसायचं कारण नाही, पण हल्ली पाढे कुठे येतात.

सगळे विभाजक एकाखाली एक देणारं बटण पण नाही. पण त्याला जुगाड आहे, टेबल मोडमध्ये जायचं, ३६० ÷ एक्स टाकायचं, १ पासून १८ पर्यंत, आणि उजवीकडे जिथे जिथे पूर्णांक दिसेल ती जोडी उचलायची. १८च का तर ३६० चं वर्गमूळ १९ च्या जरा आत येतं, त्याच्या पुढे गेलं की त्याच जोड्या उलट्या होऊन येतात. बारा जोड्या मिळतात, झाले चोवीस. एका वेळी टेबलात ४५ ओळीच मावतात पण आपल्या पोरांच्या संख्यांना तेवढं पुष्कळ झालं. मसावि-लसाविची बटणं पण आहेत, अल्फा दाबून गुणाकार-भागाकाराच्या बटणांवर, पेपर काढताना फार कामाला येतात.

आता ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसले ते. हा दहा अंकांपर्यंतची संख्या घेतो, पण मूळ अवयव शोधतो ते तीन अंकांपर्यंतचेच, म्हणजे ९९७ पर्यंत. सगळे काढून जे उरेल ते लहान असेल तर ते मूळच असणार म्हणून तसंच लिहून टाकतो, ९,९९,९८३ टाकलं तर तसंच परत देतो कारण ती मूळच आहे. पण उरलेला तुकडा १०,१८,०८१ किंवा त्याच्या वर असला तर तो कंसात टाकतो. कंस म्हणजे काय, तर इथून पुढचं मला माहीत नाही, तुमचं तुम्ही बघा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं बिघडलाच! मग मॅन्युअल काढून वाचलं, त्यात लिहिलंय स्वच्छ.

आठवीच्या बॅचला तो कंस दाखवला आणि विचारलं हीच संख्या का, १०,१८,०८१ मध्ये असं काय आहे. दोन मिनिटं शांत, मग एकजण म्हणाला मॅडम हे दहा लाख, अठरा हजार, एक्याऐंशी आहे, म्हणजे हजारचा वर्ग, दोन गुणिले हजार गुणिले नऊ, आणि नऊचा वर्ग, हा १००९ चा वर्ग आहे! ए अधिक बी चा वर्ग, कालच शिकवलेला. आणि १००९ ही चार अंकी पहिली मूळ संख्या, म्हणजे मशीन जिथे थांबतं त्याच्या बरोब्बर पुढची. मला खरं सांगते अंगावर काटा आला.

मग त्यांना फर्मा ह्या जुन्या गणितज्ञाची गोष्ट सांगितली. दोनचा बत्तिसावा घात अधिक एक, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७, ही मूळ आहे असं फर्माला वाटत होतं आणि १७३२ मध्ये ऑयलर ह्या दुसऱ्या गणितज्ञाने तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवलं. बरोब्बर दहा अंक आहेत, कॅल्सीत मावते. टाकली तर ६४१ × (६७००४१७). ऑयलरने पकडलेला अवयव ह्याने पण पकडला, आणि पुढे कंस. ६७००४१७ मूळच आहे, पण ते ठरवायला २५८८ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं, ह्याची धाव हजाराच्या आतच.

चार स्टार देते. एक कापला तो घातांकासाठी, आणि ती फॅक्टची अक्षरं चष्म्याशिवाय दिसत नाहीत म्हणून. चौदाशेच्या आसपास पडला, सोलर आहे आणि आत बटण सेल पण आहे, सहा महिन्यात काही त्रास नाही. फक्त पोरासाठी घेत असाल तर थांबा, सातवीपर्यंत देऊच नका. शिकवणारे असाल तर घ्या.

आता क्लासमध्ये खेळ सुरू झालाय, मॅडमला कंस पडेल अशी संख्या आणायची. काल एकीने १०,२२,११७ आणली. कंस पडला. वर्गमूळ काढलं तर १०१०.९९८, म्हणजे १०११ ला चिकटूनच. १०११ चा वर्ग १०,२२,१२१, त्यातून हिची संख्या वजा केली तर उरले ४, तो दोनचा वर्ग, म्हणजे १०११ उणे २ आणि १०११ अधिक २, म्हणजे १००९ × १०१३. मी फळ्यावर लिहिलं तर पोरगी म्हणते, शी, लगेच आलं तुम्हाला, उद्या लांबलांबच्या दोन घेऊन येते.