चान हुआचं किट: काही महिने वापरल्यानंतर, मुख्यतः पुठ्ठ्याबद्दल

चान हुआ म्हणजे पुठ्ठ्याच्या पाकळ्या तारेला लावून त्यांवर रेशमी दोरा गुंडाळत फुलं करण्याची चिनी कला. या किटमधल्या पुठ्ठ्यावर केलेली फुलं थोडे दिवस केसांत माळली की पाकळ्यांची टोकं उघडी पडतात. रेशीम पुढे तारेवर निसटतं आणि मागे पांढरा पुठ्ठा दिसतो. बाकीचं नंतर सांगते, कारण चान हुआची परीक्षा टोकावरच होते. चीनच्या हूबेइ प्रांतातल्या यिंगशानचं काम असो की दक्षिण फूच्येन आणि तैवानमध्ये नवरी माळते ती लाल फुलं असोत, कागद दिसला की काम कच्चं.

या तक्रारीला विक्रेत्याचं उत्तर एकच: "तुमचे हात खरखरीत आहेत." हातांचं महत्त्व आहेच. बिनपिळाचं रेशीम कोरड्या त्वचेत आणि नखांच्या कडांत अडकतं, मग त्याची लव उठते. नखं घासून, क्रीम पूर्ण मुरल्यावरच गुंडाळायला बसावं. पण लव उठणं वेगळं आणि दोरा निसटणं वेगळं. निसटण्याचा दोष पुठ्ठ्याचा आहे.

पुठ्ठा एका बाजूनं गुळगुळीत लॅमिनेट केलेला आहे आणि आकार साच्यानं कापलेले, त्यामुळे टोक एकदम निमुळतं होतं. पाकळी दोन अर्ध्या तुकड्यांची असते. असा एक अर्धा तुकडा ३ सेंमी लांब आणि ४ मिमी रुंद असेल, तर शेवटच्या ८-१० मिमीत उतार सावकाश यायला हवा. उतार आखूड असला की प्रत्येक वेढा अरुंद बाजूला सरकतो. छोट्या टोकदार कात्रीनं उतार लांबवा, कडा बारीक पॉलिश पेपरनं मोडा आणि शेवटच्या २-३ मिमीला फेविकॉलचा अगदी पुसट हात द्या. गोंद जास्त झाला तर तो रेशमातून वर येतो आणि तिथली चमक कायमची जाते.

किटच्या चित्रांत आणखी एक गोष्ट राहिली आहे. पहिला अर्धा भाग तळापासून टोकापर्यंत गुंडाळल्यावर नुसत्या तारेवर १-२ मिमी वेढे घ्यायचे, मग दुसरा अर्धा भाग टोकाकडून तळाकडे. तार त्या मोकळ्या जागी दुमडून दोन्ही भाग भिडवायचे आणि तळाशी बांधायचे. ही जागा सोडली नाही तर दुमडताना टोकाचे वेढे फाकतात, मग गोंदाचाही उपयोग होत नाही.

रेशमाबद्दलचं मत मात्र बदललं. आधी ते निस्तेज वाटलं आणि दोनच तारे दिले होते. कारण पीळ आहे. हात फिरवत गुंडाळताना दोऱ्याला पीळ चढत जातो, दोरा गोल होतो आणि वेढ्यांमध्ये रेघा दिसतात. दर १०-१२ वेढ्यांनी काम चिमटीत घट्ट धरून दोरा लोंबकळू द्या, पीळ आपोआप उतरतो. मग तो पट्टीसारखा सपाट बसतो आणि खरी झळाळी दिसते. रंगछटा हव्या असतील तर दोऱ्याच्या चार पदरांतला एकेक पदर बदलत जा. चारही एकदम बदलले की सांधा दिसतो. रेशमाला आता चार तारे.

तार ०.३ मिमीची, जाडी बरोबर आहे, पण लोखंडी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती गंजते आणि पांढऱ्या पाकळीला तळाशी तांबूस डाग येतो. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात त्याच जाडीची इनॅमल केलेली तांब्याची तार वजनावर मिळते. ती जरा मऊ असते, म्हणून मोठ्या पाकळीला ०.४ घ्या.

पुठ्ठ्याच्या रिफिलला विक्रेता जी किंमत लावतो ती मला अजिबात मान्य नाही. घरात साठलेल्या लग्नपत्रिकांमधल्या खरखरीत, बिनचकाकीच्या निवडा, साधारण २५० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाच्या). सोनेरी छपाईचा भाग टाळा, त्यावर दोरा घसरतो. गडद रेशमाखाली पत्रिकेचाच रंग मिळताजुळता ठेवला तर वेढ्यांत फट राहिली तरी पांढरं डोकावत नाही. पुन्हा विकत घेण्याजोग्या आहेत त्या रेशमाच्या लडी. त्या सुट्या मिळत असतील तर पूर्ण किट घेऊ नका.