तालुक्याच्या स्किन ओपीडीतलं सिस्टरचं टेबल – ५ पैकी ४ स्टार

दवाखान्याचं नाव टाकत नाही, काहून की नाव टाकलं की कोणीतरी स्क्रीनशॉट काढून वर पाठवते न मंग बिचाऱ्या सिस्टरचीच विचारपूस होते. यवतमाळ जिल्ह्यातला तालुक्याचा सरकारी दवाखाना, एवढं पुरे. तिथं आठवड्यातून एक दिवस चामडीचे डॉक्टर बसतात आन त्यांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात लाकडी टेबल टाकून एक सिस्टर बसतात. हा रिव्ह्यू डॉक्टरचा नाही, त्या टेबलाचा आहे.

पद्धत अशी आहे की डॉक्टर तपासून चिठ्ठी लिहितात, औषधाच्या खिडकीवरून गोळ्या-मलम घ्यायचं आन घरी पळायचं नाही, परत सिस्टरजवळ यायचं. त्या एकेक ट्यूब हातात धरून सांगतात, कुठं लावायचं, किती लावायचं, कधी थांबायचं न काय करायचं नाही. बस. ऐकायला काहीच नाही वाटत, पण हे बाकी कुठं मिळते सांगा. त्याच्या आधी जिल्ह्याच्या ठिकाणी एका खाजगी स्किनवाल्याकडे साळ्याले घेऊन गेलतो, डॉक्टर हुशार असतील, माझं काही म्हणणं नाही, पण पाचशे फी घेऊन सहा औषधं लिहिली न "दोन टाइम लावा" म्हणून बेल वाजवली. दोन टाइम म्हणजे आंघोळीच्या आधी का नंतर, खाज थांबली की बंद करायचं का नाही, सहा औषधांपैकी कोणतं कुठं, ते कोण सांगणार? कंपाउंडर म्हणे चिठ्ठीवर लिहिलं आहे. चिठ्ठी त्यानंच वाचावी.

साळ्याची केस म्हणजे आजकाल घरोघरी आहे तीच. गजकर्ण, म्हणजे चामडीले लागलेली बुरशी. जांघेत न कमरेले, पट्ट्याच्या जागी. वावरात दिवसभर घामाचे कपडे, पावसाळ्यात ओले कपडे, त्यावर जीन्स. गावच्या मेडिकलमधून ट्यूब आणली, दोन दिवसांत खाज गायब, खुश. ट्यूब संपली की पुन्हा खाज, पहिल्यापेक्षा जास्त, मंग पुन्हा तीच ट्यूब. असं करता करता चट्टे टोंगळ्यापर्यंत उतरले न चट्ट्याचा गोल आकारही राहिला नाही, नुसता लालसर भपका. सिस्टरनं ती रिकामी ट्यूब हातात दिली न साळ्यालेच बारीक अक्षरं वाचायला लावली. क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. "हे पहिलं नाव हाय न भाऊ, हे स्टेरॉइड. हे खाज दाबते, लाली दाबते, तुमाले वाटते बरं झालं. आन आतून बुरशीले रान मोकळं. वरून जांघेतली चामडी पातळ होऊन ताणल्यासारखे पांढरे वळ उठतात ते वेगळे, ते जात नाहीत मंग."

मंग स्टेरॉइडची चार नावं पाठ करून घेतली त्याच्याकडून. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. ट्यूबवर यातलं एक जरी दिसलं तर गजकर्णावर लावायचं नाही आन तोंडाले तर डॉक्टरनं सांगितल्याशिवाय बोटही लावायचं नाही. पण बाईंची एक गोष्ट मले पटली, त्यांनी स्टेरॉइड म्हणजे जहर असं काही सांगितलं नाही. बाजूलेच एक लेकरू होतं, कोपराच्या खोबणीत एक्झिमा म्हणजे इसब, त्याच्या मायले त्याच सिस्टर म्हणत होत्या की डॉक्टरनं दिलेलं स्टेरॉइड मलम सांगितलं तितके दिवस लावाच, भिऊन अर्ध्यात सोडू नका. आपल्याकडे एकतर लोक ते फेअरनेस क्रीम म्हणून वर्षभर चोपडतात नाहीतर नाव ऐकूनच फेकून देतात, मधलं काही नाहीच. सरकारनं २०१८ मध्ये अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. आमच्या गावात ती बिस्किटाच्या पुड्याशेजारी भेटतात.

आता टेबलावरची मेन गोष्ट. मलम किती लावायचं. सिस्टरजवळ साध्या पांढऱ्या मलमाची एक ट्यूब असते, औषध नाही त्यात, फक्त दाखवायले. पेशंटचं अंगठ्याशेजारचं बोट पुढं करायला लावतात आन शेंड्यापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ ओढायला लावतात. ती रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आन तेवढ्यात मोठ्या माणसाचे दोन पंजे बोटांसकट झाकतील एवढी चामडी होते. साळ्यानं आधी चांगली तीन बोटं भरून घेतलं होतं, पोळीले तूप चोपडावं तसं. सिस्टर हसल्या न म्हणे पुसा ते, आन आता एवढीशीच रेघ घेऊन माझ्या समोर पसरवा. पसरलं की बाप्पा! चोळायचंही नाही, केस ज्या बाजूले जातात त्या बाजूनं हळूच ओढायचं, नाहीतर केसाच्या मुळाशी पुटकुळ्या येतात. मी नंतर मोबाईलवर पाहिलं तर हे बोटाचं माप ब्रिटनच्या लाँग आन फिनले नावाच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये मांडलेलं आहे. एवढ्या वर्षांत आमच्यापर्यंत कोणी आणलं नव्हतं.

गजकर्णाच्या मलमाले आणखी एक. नुसतं चट्ट्यावर नाही, चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं चांगल्या चामडीवरही लावायचं, काहून की बुरशी कडेकडेनं पुढं सरकते. बाहेरून आत लावत यायचं. आंघोळ करून, जांघ कोरडी करून मंग. आन चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालूच ठेवायचं, इथंच सगळे फसतात. बुरशीवरची कॅप्सूल दिली होती इट्राकोनाझोलची, ती भरल्या पोटी, जेवणासोबतच, आन ॲसिडिटीच्या गोळीसोबत बिलकुल नाही, काहून की पोटात आंबटपणा नसला तर ती अंगी लागत नाही. साळा तर रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी खाणारा माणूस! हे कोणी विचारलंच नव्हतं त्याले. सिस्टरनं विचारलं, दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू हायेत. मंग त्या उठून डॉक्टरले विचारून आल्या. टॉवेल वेगळा, चड्डी सैल सुती, कपडे उन्हात उलटे करून वाळवायचे, आन घरात अजून कोणाले खाजत असेल तर त्यालेही घेऊन या, नाहीतर हे चक्र फिरतच राहते.

आन सांगून झालं की सोडत नाहीत, म्हणतात आता तुम्ही सांगा मले. ही परीक्षा सगळ्यांची होते. आमच्या आधी एक आजी होती, खरुजेची, नातवंडं आश्रमशाळेतून सुट्टीत घेऊन आले वाटते. तिचं उत्तर मले तोंडपाठ आहे. "गयापासून पायाच्या तयव्यापर्यंत, बोटाच्या बेचक्यात, बेंबीत, नखाच्या खाली. राती लावाचं, सकाळी आंघोय. आन घरातल्या सगळ्याईनं एकाच राती." सिस्टर म्हणाल्या आन रात्री हात धुतले तर? आजी म्हणे, "त हाताले पुन्हा लावाचं, तुमी सांगतलं न!" व्हरांडा हसला सगळा. ते परमेथ्रिन मलम होतं, ५ टक्क्याचं, आठ ते चौदा तास अंगावर राहिलं पाहिजे आन एका आठवड्यानं पुन्हा एकदा. घरात एकजण जरी सुटला न तर सगळी मेहनत पाण्यात. गोधड्या-वाकळांचं काय, त्या कुठं उकळत्या पाण्यात टाकणार, तर पॉलिथिनच्या पोत्यात तोंड बांधून तीन दिवस ठेवायच्या, खरुजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही. आन किडा मेला तरी खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, म्हणून रोज-रोज मलम थापायचं नाही. हे शेवटचं नाही सांगितलं तर लोक चौथ्या दिवशी औषध खोटं म्हणून जळकं ऑईल लावतात. आमच्याकडे लावतात, खोटं नाही बोलत.

सगळ्यात भारी वाटलं ते एका बाबाजीचं प्रकरण. सोरायसिस, म्हणजे अंगावर खपल्यांचे चट्टे, न त्याच्यावर मेथोट्रेक्सेटची गोळी. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. रोज घेतली तर तोंडात फोड, रक्तातल्या पेशी कमी, माणूस जिवानिशी जाऊ शकते. आता बाबाजीले सोमवार-मंगळवार कोण लक्षात ठेवते, आन औषधं म्हटली की रोजच घ्यायची हे डोक्यात बसलेलं. सिस्टरनं विचारलं तुमच्या गावचा बाजार कोणत्या दिवशी. म्हणे शुक्रवारी. "मंग बाजार करून आले की ही गोळी. बाजार नाही, त गोळी नाही." आन फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या दिवशी, तिच्या पाकिटावर पेनानं शनिवार लिहून दिला. दारू बंद, आन रक्त तपासायले आल्याशिवाय पुढची गोळी नाही. सोबतच्या सुनेलेही तेच म्हणून दाखवायले लावलं. पुस्तकात हे कसं लिहितात माहीत नाही, पण बाजाराचा दिवस आमच्या बुढ्या माणसाले कोणी विसरायले लावून दाखवावं.

त्याच बाबाजीले अंगाले लावायले पांढऱ्या पॅराफिनचं, व्हॅसलिनसारखं चिकट मलम दिलं होतं. त्याच्यासाठी सिस्टरनं वेगळी तंबी दिली, मलम लावून चुलीजवळ बसायचं नाही, बिडी पेटवायची नाही. मलम कपड्यात, चादरीत मुरते न त्या कपड्यानं पेट घेतला तर भडकन् पेटते, आन धुतलं तरी पूर्ण निघत नाही. हे मले बिलकुल माहीत नव्हतं आन आमच्याकडे हिवाळ्यात तर अर्धं गाव शेकोटीभोवती. दुसरं, उन्हाळ्यात टिनाच्या घरात ट्यूब ठेवली तर आतलं मलम पाणी-पाणी होते. जास्त करून मलमं ३० डिग्रीच्या खाली ठेवायची असतात, आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५. फ्रिज नसेल तर माठाजवळ, कोरड्या डब्यात, लेकराच्या हाताले लागणार नाही अशी.

गाजर गवताच्या ॲलर्जीचे पेशंटही येतात बरेच, तोंड-मान काळवंडून सुजलेली. त्यांना सिस्टर सरळ सांगतात की मलम एकीकडे न धुऱ्यावरचं गवत एकीकडे, दुसऱ्या कोणाकडून काढून घ्या, तुम्ही हात लावू नका. आन ज्या चट्ट्याले खाजच नाही, टोचलं तरी समजत नाही, तो माणूस दिसला की टेबलावरून उठून त्याले स्वतः डॉक्टरकडे आत घेऊन जातात. कुष्ठरोगाचं औषध फुकट आहे, पूर्ण बरं होते. आनंदवन १९४९ पासून वरोऱ्याले, आपल्या बाजूलेच आहे, तरी लोक अजून लपवतात.

आता एक स्टार काहून कापला.

पडदा नाही हो. जांघेतलं, छातीखालचं, सगळं त्या व्हरांड्यात, मागं रांग उभी. सिस्टर आवाज बारीक करतात, पण रांगेतले कान मोठे करतात. आमच्या घरची म्हणे मले छातीखाली खाज होती पण मी काही बोललीच नाही तिथं. एक हिरवा पडदा लावायले किती पैसे लागतात? बाहेर कोनशिलेवर लाखाचे आकडे आहेत.

दुसरं खिडकीचं. सिस्टरच्या मापानं साळ्याच्या चट्ट्यांले दिवसाले दोन रेघा, म्हणजे रोजचा एक ग्रॅम. ट्यूब १५ ग्रॅमची. पंधरा दिवसांत खतम. औषध लावायचं महिनाभर न वरून दोन आठवडे. खिडकीवाला देते एक ट्यूब, म्हणे पुढच्या वेळी या. खरुजेचंही तेच, एका मोठ्या माणसाले साधारण ३० ग्रॅम लागते आन आजीच्या सात जणांच्या घराले दोन ट्यूब दिल्या. मंग एवढं समजावून फायदा काय, आजी काय अर्ध्या घराले लावणार? सिस्टर आत जाऊन भांडल्या न अजून दोन आणल्या, पण रोज कोण भांडणार.

आन तिसरं, सगळं त्या एका बाईवर आहे. मधे त्या सुट्टीवर होत्या तेव्हा टेबलावर दुसरंच कोणी होतं, "वाचून घ्या" म्हणून इंग्रजीतला कागद दिला. बोटाच्या मापाचं चित्र न चार ओळी मराठीत छापून भिंतीवर लावल्या तरी अर्धं काम होईल.

साळ्याचं विचाराल तर सुरुवातीचा काही काळ खाज वाढली, स्टेरॉइड सुटल्यामुळं, सिस्टरनं आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून तो टिकला नाहीतर पुन्हा मेडिकलवर गेला असता. आता जांघ साफ आहे, कमरेले काळा डाग राहिला आहे, तो हळूहळू जाईल म्हणतात. पांढरे वळ मात्र तसेच.

जायचं असेल तर सकाळच्या पहिल्या एसटीनं जा, रांग लवकर वाढते. घरात पडलेल्या जुन्या ट्यूबा, अर्ध्या पट्ट्या, बीपी-शुगरच्या गोळ्या, सगळं एका पिशवीत घेऊन जा, सिस्टर पहिले तेच मागतात. पोटुशी बाई असेल किंवा लेकराले पाजत असेल तर न विचारताच आधी सांगा, काही औषधं तिले चालत नाहीत. आन त्यांनी सांगितलेलं परत म्हणून दाखवायची तयारी ठेवा, त्याशिवाय त्या सोडत नाहीत.