१२ व्होल्टचं लंगर ओढायचं मशीन: दोरी सरकते म्हणून एक स्टार द्यायच्या आधी हे पाहा

पाचपैकी साडेतीन स्टार. ते साडेतीनही मोटर आणि गिअरबॉक्सनं कमावलेत, बाकी सामानाचं पुढं सांगतो.

आमची मासेमारी वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला, भंडारा जिल्हा. गटाची एक फायबरची बोट आहे, जाळे आणि माल न्यायला. हाताने लंगर ओढून ओढून पोरांचे खांदे जाऊन राहिले होते, कारण या पाण्याखाली बुडालेल्या शेतातले झाडांचे खुंट आहेत आणि लंगर नेमका त्यातच जाऊन बसते. म्हणून गटानं ऑनलाईन हे आडवं विंडलास, म्हणजे लंगर ओढायचं मशीन, घेतलं, ६०० वॅटचं, १२ व्होल्टवर चालणारं, दोरी आणि साखळी दोन्ही एकाच चरखीवरून ओढणारं. त्या चरखीला जिप्सी म्हणतात. कुरिअरवाला गावात येतच नाही, भंडाऱ्याहून उचलून आणावं लागलं, त्याचा स्टार कापत नाही, आपल्याकडं ते चालायचंच.

आता मुद्दा. या मशीनच्या खाली जेवढे रिव्ह्यू आहेत त्यातले अर्धे म्हणतात 'दोरी स्लिप होते, घेऊ नका'. आमच्याकडंही झाली. चरखी गरगर फिरे आणि दोरी जागेवरच. गटातल्या एका पोरानं तर दोरी हाताने चरखीत दाबायला सुरुवात केली. भाऊ, हे कोणी करू नका, हाताचं बोट आत गेलं तर मोटर थांबत नाही, स्विच सोडेपर्यंत काम होऊन जाते.

स्लिप म्हणजे नेमकं काय सरकून राहिलं ते आधी पाहा. लाल नेलपॉलिश घ्या, घरात असतेच, क्लचच्या (मोटरची ताकद चरखीला देणारी पकड) नटावर, चरखीवर आणि चरखीत बसलेल्या दोरीवर एका रेषेत खूण करा, मग वजन देऊन बटन दाबा. नट फिरला आणि चरखी मागं राहिली तर क्लच ढिला आहे, सोबत दिलेल्या हँडलनं आवळा. पण जीव खाऊन आवळू नका, जास्त वजन आलं की क्लचनं थोडं सरकून मोटर वाचवायची असते. चरखी फिरली आणि दोरीवरची खूण मागं राहिली तर दोष दोरीत किंवा तिच्या वाटेत आहे. आणि मोटरच गुरगुर करून थांबली तर ती स्लिप नव्हेच, ते बॅटरीचं नाहीतर वायरचं दुखणं. तीन वेगळ्या बिमाऱ्या आणि लोक एकच गोळी मागतात.

आमची दुसरी निघाली. चरखीवर बारीक अक्षरात कोरलेलं आहे, दोरी १२ मिमी, साखळी ६ मिमी. बोटीवर होती ती बाजारातली पिवळी-हिरवी दोरी, १० ची. पोरं तिला नायलॉन म्हणत होते पण तुकडा बादलीत टाकला तर वर तरंगला. नायलॉन बुडते, तरंगली म्हणजे ती पॉलिप्रॉपिलीन नाहीतर तसलीच प्लॅस्टिकची. ती गुळगुळीत असते, उन्हात कडक होते, आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तर वर्षभरात तिचा भुसा पडायला लागते. चरखीच्या खाचेत ती बसतच नाही, वरच्या वर घसरते. मग तीन पदरी पिळाची १२ मिमी नायलॉन मागवली, गावात मिळत नाही, नागपूरहून आणावी लागली. नवी दोरी पण पहिल्यांदा थोडी सरकते, कारखान्यातून तिच्यावर चिकना थर असतो. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, चोळून धुवा, मग लावा. ग्रीसचे हात दोरीला लागू देऊ नका.

दोरी बदलल्यावर फरक पडला, पण पूर्ण नाही. तेव्हा आमच्या मामाजीनं, ज्यांची जिंदगी डोंग्यावर गेली आणि ज्यांना हे मशीन मुळातच पटलेलं नव्हतं, बाजूनं वाकून पाहिलं आणि म्हणाले, "दोरी चरखीला टेकतेच कुठं बाप्पा, नुसती शिवून चालली." खरंच होतं. आडव्या मशीनला दोरीचा विळखा मुळातच पाव गोल बसते, ९० अंश म्हणा. आमचा बोटीच्या टोकावरचा, दोरी आत घेणारा रोलर चरखीच्या माथ्यापेक्षा उंच लागला होता, म्हणून दोरी वरून तिरपी येऊन अजूनच कमी टेकत होती. मशीनखाली सागाची जाड फळी टाकली, डेकच्या खालून लोखंडी प्लेट देऊन बोल्ट मारले, आता दोरी जवळपास सरळ येते. कंपनीच्या पुस्तिकेत हे चित्र पहिल्या पानावर पाहिजे होतं. चित्र आहे, शेवटच्या पानावर, आणि ते पण उलटं छापलेलं.

दुसरं म्हणजे दोरी पडायची पेटी. साखळी वजनानं आपोआप खाली जाते, दोरीला वजन नसते, ती चरखीखालीच गोळा होते आणि मागून येणाऱ्या दोरीला वर ढकलते. चरखीपासून साचलेल्या दोरीच्या ढिगापर्यंत कमीत कमी फूटभर मोकळी जागा ठेवा.

आता कंपनीचा खरा दोष. दोरीला खाचेत दाबून धरणारा एक स्प्रिंगवाला दांडा असतो, त्याची स्प्रिंग अगदीच मरतुकडी, एका हंगामात बसून गेली. कस्टमर केअरला फोन केला तर व्हिडिओ पाठवा, पाठवला तर परत व्हिडिओ पाठवा. शेवटी पवनीतल्या लेथवाल्यानं जाड तारेची बनवून दिली, चहाच्या पैशात म्हणा. एक स्टार इथं गेला. अर्धा गेला वायरीवर. ६०० वॅट म्हणजे १२ व्होल्टला ५० अँपिअर, आणि डब्यात दिली ६ स्क्वेअर मिमीची वायर! बॅटरी मागं इंजिनाजवळ, मशीन पुढं, जाऊन-येऊन १० मीटर धरा तर वाटेतच दीडेक व्होल्ट खाल्ला जाते, मोटर गरम होते, हळू होते. आम्ही १६ ची टाकली.

चालवायची पद्धत पण सांगतो कारण इथंच लोक मशीनला शिव्या देतात. हे बोट ओढायचं मशीन नाही. आधी इंजिननं बोट लंगराच्या डोक्यावर न्या, ढिली झालेली दोरी मशीननं गोळा करा, दोरी उभी झाली की बोटीवरच्या खुंटाला बांधा आणि लंगर इंजिनच्या धक्क्यानं सोडवा, मग परत मशीन. ताण आला की नायलॉन लांबते आणि लांबली की बारीक होते, मग १२ ची दोरी पण चरखीला १२ ची राहत नाही आणि सरकते. पावसाळ्यात धरणाचे गेट उघडले की जुन्या पात्रात पाण्याची ओढ येते, तेव्हा तर हे पाळाच. आणि खुंटात अडकायची भीती असेल तर लंगराचे फाळ जिथं जुळतात तिथं वेगळी बारीक दोरी बांधून तिच्या वरच्या टोकाला तरंगणारा रिकामा डबा सोडा, अडकला की ती ओढायची, उलट्या अंगानं निघून येते. आमचा या उन्हाळ्यात एकही लंगर गेला नाही.

दोरी आणि साखळीचा जोड गाठीनं करू नका, गाठ चरखीतून जात नाही. पिळात पीळ गुंफून जोड घ्यावा लागते, ते मामाजीनं बसल्या बसल्या करून दिलं आणि मग मशीनबद्दलचं त्यांचं मत थोडंसाक मऊ झालं.

अजून एक, आपल्याकडची खास भानगड. नागपूरची नाग नदी कन्हानमार्गे वैनगंगेतच येते, तो सगळा मळ आणि जलपर्णी इकडं. दोरीवर शेवाळाचा बुळबुळीत थर बसते आणि जलपर्णीचे धागे चरखीच्या खाचेत अडकून खाच भरून जाते. बाहेरून दिसत नाही. आम्ही आठवड्याला जुन्या टूथब्रशनं खाच साफ करतो आणि दोरी वर घेताना एक जण ओल्या पोत्यानं पुसत जाते.

घ्यायचं का? ज्याच्या लंगराचं वजन १०-१५ किलो आहे आणि जो दोरी-वायरीवर अजून चार-पाच हजार घालायला तयार आहे त्यानं बिनधास्त घ्यावं. ज्याला डब्यातून काढून लावलं की चाललं पाहिजे त्यानं घेऊ नये. पायाच्या स्विचचं रबर मात्र उन्हानं तडकलं, आत पाणी जाऊन मशीन एकदा आपोआप सुरू झालं, तेव्हापासून काम झालं की मेन स्विच बंद करतो, तुम्ही पण करा.