भाड्याची कॅरॅव्हॅन, स्वतःची व्हॅन की डिकीत तंबू? नाशिकहून निघणाऱ्यांसाठी

आमच्या साडूंना गेल्या पावसाळ्यात कॅरॅव्हॅनचं, म्हणजे आत पलंग, ओटा आणि संडास असलेल्या गाडीचं, वेड लागलं. रोज रात्री एक व्हिडिओ धाडायचे. कुणी लडाखला गाडीत पोहे करतोय, कुणी गोव्याच्या किनाऱ्यावर दार उघडून झोपलाय. शेवटी एका रविवारी पाथर्डी फाट्यावर मिसळ खाताना त्यांनी विषय काढलाच. "जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन कॅरॅव्हॅन बांधून घ्यावी म्हणतो. की आधी भाड्याने घेऊन बघू?"

माझे तिन्ही प्रकार करून झालेत. तीनदा भाड्याची कॅरॅव्हॅन घेतली, मित्राबरोबर भागीत एक व्हॅन बांधून चार वर्षं वापरली आणि विकली. आता साधी गाडी आणि डिकीत तंबू असं चाललंय. त्यामुळे माझं मत थोडं दुधाने तोंड पोळलेल्या माणसाचं आहे, हे धरूनच पुढचं वाचा.

साडूंना मी आधी एकच विचारलं, रात्री गाडी कुठे लावणार? त्यांनी पलंग, फ्रिज, सोलर सगळं ठरवलं होतं. हे नव्हतं ठरवलं.

आपल्याकडे कॅरॅव्हॅनचं अर्धं यश जागेवर असतं. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात वीज, पाणी आणि सांडपाण्याची सोय असलेल्या पार्कची कल्पना आहे. पण आज नाशिकहून कुठल्याही दिशेने निघालात तर अशी जागा हमखास मिळेल असं धरून चालू नका. धरणाच्या कडेला व्हिडिओत दिसते तशी गाडी लावली, तर ती जागा बहुधा पाटबंधारे किंवा वन खात्याची निघते आणि रात्री अकराला कुणीतरी काचेवर टकटक करतं. पेट्रोल पंपावर झोप होते, पण ट्रकच्या हॉर्नसकट.

भाड्याच्या गाडीचा इथे मोठा फायदा आहे. बहुतेक वेळा सोबत चालक येतो आणि त्याच्या खिशात ठरलेल्या जागा असतात. कुठल्या रिसॉर्टचा मालक आवारात लावू देतो, कुठल्या ढाब्याचं बाथरूम स्वच्छ आहे, हे त्याला पाठ असतं. स्वतःच्या गाडीला ही यादी तुम्हाला जमवावी लागते. आम्हाला दीड वर्ष लागलं. त्या यादीतल्या सगळ्यात चांगल्या जागा कुठल्या, तर मळे. निफाड, दिंडोरी, ओझरकडे ओळखीपाळखीत कुणाचा तरी द्राक्षमळा निघतोच. बोअरचं पाणी, पॅकिंग शेडमध्ये विजेचा एक पॉईंट आणि सकाळी न मागता चहा.

मळ्यात गाडी लावायची तर एक गोष्ट मात्र आधी बघा. जमीन काळी आहे का? ऑक्टोबरमध्ये आम्ही एका बागेच्या बांधाला व्हॅन लावली, संध्याकाळी जमीन दगडासारखी होती. रात्री अवकाळी तासभर कोसळला. सकाळी मागची चाकं निम्मी आत. मालकाच्या मुलाने ट्रॅक्टर आणून, साखळी लावून, हसत हसत बाहेर काढली. बागेतला एक वेलही दुखावला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मुरूम टाकलेली जागा सोडून मी कुठे चाक घालत नाही.

उभी केलेली गाडी सपाट आहे की नाही, हे बघायला मोबाईलचं ॲप लागत नाही. ओट्यावर एक ताट ठेवायचं, त्यात बोटभर पाणी. ज्या कडेला पाणी सरकेल त्याच कडेच्या चाकाखाली फळी. हे केलं नाही तर सिंकमधलं पाणी कोपऱ्यात साचून राहतं आणि डोकं उताराला ठेवून झोपलेला माणूस सकाळी चिडचिड करतो. आमच्याकडे सागाच्या चार फळ्या कायम सीटखाली असायच्या.

आता पाणी आणि संडास. व्हिडिओवाले इथे कॅमेरा बंद करतात.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी भरली की एक जाडजूड माणूस आणि त्याची बॅग जास्तीची बसल्यासारखं होतं. चार माणसांना तोंड धुणं, भांडी आणि अगदी हात आखडून अंघोळ धरली, तर एवढं पाणी जेमतेम दोन दिवस पुरतं. टाकी भरायला स्वतःचा पंधरा मीटरचा पाईप आणि वेगवेगळ्या मापाचे नळजोड घरून न्या. हा माझा सगळ्यात फुकटातला आणि सगळ्यात कामाचा सल्ला. कुणाच्याही मळ्यावर नळ असतो, पण त्याला तुमचा पाईप बसेलच असं नाही.

कॅसेट टॉयलेटची, म्हणजे गाडीतल्या संडासाची, बाहेर काढून ओतायची पेटी साधारण वीस लिटरची असते. चार जणांचं कुटुंब ती दीड-दोन दिवसांत भरतं. पुढे ती ओतायची कुठे? भाड्याच्या गाडीत हे काम चालकाचं. स्वतःच्या गाडीत ते तुमचं, आणि पहाटे पाचला करायचं, कारण पेटी हातात घेऊन ढाब्याच्या मालकाची परवानगी मागताना माणसाला आपोआप अंधार हवासा वाटतो. संडासात ओता, नंतर दोन बादल्या पाणी टाका, शंभर रुपये हातावर ठेवा. ओढ्यात नको, शेतात नको. साबणाचं पाणीसुद्धा गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, सोडू नका. त्र्यंबकला उगम आणि खाली सगळं गाव तेच पाणी वापरतं, हे नाशिककराला सांगायला नको, पण मी सोडताना बघितलंय म्हणून सांगतो.

तंबूवाल्याला यातलं काही नाही. तो जिथे बाथरूम आहे तिथेच मुक्काम करतो.

विजेचा हिशेब जरा तपशिलात, कारण बांधून देणारे इथेच सगळ्यात जास्त गोड बोलतात. शंभर अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण 1,280 वॅट-तास. डीसी कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज दिवसाला चारशे-पाचशे खातो, पंखा रात्रभर दोनशे, दिवे आणि मोबाईल मिळून शंभर-दीडशे. म्हणजे ऊन नसेल तर दीड दिवसात खेळ संपला. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी स्वस्त पडते म्हणून ती लावली, तर ती पन्नास-साठ किलो वजन टाकते आणि निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते. शंभरची लिथियम बारा-तेरा किलोत येते. इथे पैसे वाचवू नका.

इंडक्शनचा मोह तर अजिबात नको. दोन हजार वॅटची शेगडी बारा व्होल्टवर दीडशेहून जास्त अँपिअर ओढते, एवढ्या ताकदीच्या वायरी आणि इन्व्हर्टर लावायचे म्हणजे बजेट फुगलंच. पाच किलोचा छोटा सिलिंडर बरा. फक्त गॅस हवेपेक्षा जड, तो गळला तर खाली साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी. आमच्या पहिल्या कारागिराने ती वर ठेवली होती, दिसायला छान. आम्ही गाडी परत नेऊन तळ कापायला लावला. आणि काहीही झालं तरी बंद गाडीत शेगडी किंवा कोळशाची सिगडी पेटवून झोपायचं नाही. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत एक आकड्यावर येतो तेव्हा ही इच्छा होते, म्हणून सांगतोय. त्या थंडीत चार माणसांच्या श्वासाने काचांवरून पाणी ओघळतं. दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवा, जास्तीची गोधडी घ्या.

सोलर? दोनशे वॅटच्या पॅनलने जानेवारीत उन्हात आमचा दिवस निघायचा. जुलैत इगतपुरीला तेच पॅनल छपरावरची शोभा. गाडी चालू असताना इंजिनवरून आतली बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर पावसाळ्यात खरा कामाला येतो. भाड्याची गाडी घेताना एसी रात्रभर चालेल का, असं विचारा. "चालेल" म्हणाले तर कशावर ते विचारा. जनरेटरवर असेल तर मळ्यातली शांतता विसरा.

कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी आरसीतल्या नोंदी जुळणार नाहीत असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे आणखी घट्ट केलं. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. म्हणजे मार्ग आहे, पण गल्लीतल्या गॅरेजात सीटा उपटून पलंग ठोकणं तो मार्ग नव्हे. आगाऊ रक्कम देण्याआधी बांधणाऱ्याकडून लेखी घ्या, की आरसीवर मोटर कॅरॅव्हॅन अशी नोंद होऊन गाडी हातात मिळेल. ही नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो, आणि तेव्हा पलंग किती मऊ होता हे कुणी विचारत नाही. भाड्याच्या बाबतीत पांढरी पाटी असेल तर सरळ नाही म्हणा, भाड्याने द्यायची गाडी व्यावसायिक नोंदणीची हवी. लायसन्सची भीती मात्र बाळगू नका. साडेसात टनांपर्यंतच्या गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं.

चालती गाडी असताना मागे कुणी झोपायचं नाही, चहा टाकायचा नाही. हे पोरांना पटवणं अवघड जातं. पलंग दिसतो ना डोळ्यांसमोर! म्हणून गाडी बघायला गेलात की आधी पट्टे असलेल्या सीटा मोजा, पलंग नंतर.

घाटाचं थोडं. कसाऱ्याला किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जड गाडी नेली असेल तर उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली येईपर्यंत जळका वास येतो. आणि गाडीची उंची मोजून फूट आणि मीटर दोन्हीत डॅशबोर्डवर चिकटवा. छतावर पॅनल चढलं की ट्रॅव्हलर तीन मीटरला टेकते. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती कधीच शिरली नाही, चार वर्षं मोकळ्या प्लॉटवर भाडं भरलं. तिथे एका पावसाळ्यात उंदरांनी वायरी खाल्ल्या. वापराविना उभी असलेली व्हॅन चालत्या व्हॅनपेक्षा जास्त खर्च करते.

सापुताऱ्याला जाणाऱ्यांना एक सूचना. नाशिकच्या वायनरीतून घेतलेली बाटली फ्रिजमध्ये विसरून बोरगावच्या पुढे जाऊ नका. पलीकडे गुजरात आहे आणि तिथे दारूबंदी आहे. चालतं घर हे कारण ऐकून घेतलं जात नाही.

आता पैसे. माझे आकडे सोडा, तुमचे घाला, पण गणित असं मांडा. समजा गाडी आणि बांधणी मिळून वीस लाख गेले आणि आठ वर्षांनी आठ लाखांना विकली. वर्षाला दीड लाख तिथेच गेले. विमा, कर, सर्व्हिस, उभी करायची जागा मिळून साठ हजार धरा. दोन लाख दहा हजार. वर्षात पंधरा रात्री वापरली तर रात्रीला चौदा हजार, डिझेल वेगळं. साठ रात्री वापरली तर साडेतीन हजार. आता भाड्याचा दर मागवा, चालकाचा भत्ता आणि किलोमीटरची मर्यादा धरून, आणि शेजारी ठेवा. आम्ही पहिल्या वर्षी सव्वीस रात्री झोपलो, चौथ्या वर्षी नऊ. मुलांची दहावी आली. गाडी विकली तेव्हा बायकोने पेढे वाटले नाहीत एवढंच.

तंबूचा खर्च या ओळीत येतच नाही. दोन खोल्यांचा तंबू, गाद्या, शेगडी, सगळं मिळून त्या व्हॅनच्या एका सर्व्हिसिंगइतकं. भंडारदऱ्याला परवानगीच्या जागेवर लावला, पाऊस आला तर गुंडाळून खोली घेतली. व्हॅनची एक मजा मात्र त्यात नाही, ती कबूल करतो. नांदूरमध्यमेश्वरला पहाटे साडेपाचला गाडीतच चहा करून, पांघरुणातून पाय न काढता, खिडकीतून धुकं आणि त्यात उतरणारी बदकं बघितली होती. तंबूतून उठून जोडे शोधेपर्यंत ती वेळ जाते.

साडूंच्या घरी सत्तरीतले सासरे आहेत, गुडघे दुखतात. ते तंबूत वाकून शिरणार नाहीत, आणि रात्री तीनदा उठतात. अशा घराला कॅरॅव्हॅन खरंच सोयीची, संडास चार पावलांवर. तेव्हा त्यांना तंबू सुचवण्यात अर्थ नव्हता. पण साडूंची नोकरी अशी की वर्षाला बारा-पंधरा रात्रींच्या वर सुट्टी निघत नाही. म्हणून स्वतःची गाडी नको, भाड्याची घ्या, असं मी सांगितलं. लहान मुलं, धडधाकट आईबाप आणि दर दुसऱ्या शनिवारी घराबाहेर पडायची खाज असेल तर तंबू. निवृत्त झालात, गाव सोडून महिना-महिना फिरणार असाल, मोकळा प्लॉट किंवा मळा हाताशी असेल, तरच बांधून घ्यायचा विचार करा. आणि 2027 च्या सिंहस्थात गाडी घेऊन गंगाघाटावर जायचा बेत कुणाचा असेल तर तो आत्ताच सोडा. पर्वणीच्या दिवसांत स्कूटर शिरवणं मुश्कील होतं.

साडूंनी डिसेंबरातल्या दोन रात्रींची भाड्याची गाडी ठरवली आहे. पहिली रात्र नांदूरमध्यमेश्वरच्या बाजूला एका ओळखीच्या मळ्यात. पाण्याचा पाईप आणि सागाच्या फळ्या न्यायला शनिवारी येतायत. जमीन मुरमाची आहे का, ते मी मालकाला फोन करून विचारलंय.