गेटवरचा कॅमेरा सारखा ऑफलाइन जातोय: रिपिटर, मेश, केबल की सिमवाला?

आईबाबा चिपळूणजवळच्या घरी दोघंच असतात आणि मी पुण्यात. गेट घरापासून साधारण पंचवीस मीटरवर, आईचे गुडघे दुखतात, म्हणून कडी वाजली की तिला पडवीतनं उतरून बघायला जावं लागू नये एवढ्यासाठी गेटवर वायफाय कॅमेरा लावला होता. उन्हाळाभर मस्त चालला आणि जूनमध्ये दिवसातनं आठ-दहा वेळा ऑफलाइन जायला लागला. त्यानंतरच्या दीड वर्षात यातले तीन उपाय मी घरीच करून बघितले आणि चौथा शेजारच्या काकांच्या बागेत लावून दिला, तर ज्यांना पैसे घालायच्या आधी नीट ठरवायचंय त्यांच्यासाठी सगळं एकत्र लिहितोय.

काही विकत घ्यायच्या आधी एक काम कराच. कॅमेरा खाली उतरवा आणि दोन दिवस राउटरशेजारी टेबलावर ठेवून चालवा, त्याच्याच अडॅप्टरवर आणि त्याच वायरवर. तिथेही बंद पडत असेल तर रेंजचा काही संबंध नाही, रिपिटर (राउटरचा सिग्नल पकडून पुढे देणारा डबा) आणून पैसे वाया जातील. माझ्या बहिणीच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये नेमकं हेच झालं. दाराबाहेरचा कॅमेरा फक्त रात्री जायचा, सगळे राउटरलाच दोष देत होते, शेवटी मी मल्टिमीटर लावून बघितलं तर अडॅप्टरपाशी ५ व्होल्ट बरोबर येत होते पण पाच मीटरच्या बारीक यूएसबी वायरच्या दुसऱ्या टोकाला दिवसा ४.८ आणि अंधार पडून नाइट व्हिजनचे लाल एलईडी लागले की ४.४. एलईडी लागले की कॅमेरा जास्त करंट ओढतो, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि तो रिस्टार्ट होतो, अॅपमध्ये मात्र फक्त 'ऑफलाइन' दिसतं. जाड आणि आखूड वायर लावली, विषय संपला. तेव्हा तुमचा कॅमेरा ठरावीक रात्रीच जात असेल तर आधी वायर बघा.

टेबलावर नीट चालला तर राउटरची सेटिंग उघडा, हे फुकटातलं काम आहे. बरेचसे स्वस्त कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि हल्लीचे राउटर २.४ आणि ५ ला एकच नाव देऊन कुठल्या यंत्राला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात, त्या ढकलाढकलीत कॅमेरा लटकतो. २.४ चं नाव वेगळं करा, सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ ठेवा (नुसत्या डब्ल्यूपीए३ वर जुने कॅमेरे जोडतच नाहीत), चॅनल ऑटोवरनं काढून १, ६ किंवा ११ यापैकी जो मोकळा असेल तो पक्का करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ करा. सोसायटीत राहणाऱ्यांना याचा सगळ्यात जास्त फायदा होतो कारण तिथे शेजारच्या वीस राउटरांची गर्दी असते. गावच्या घरात ती भानगड नाही, तिथे प्रश्न भिंतींचा.

मग कॅमेऱ्याच्या जागी उभं राहून मोबाईलवर सिग्नल मोजा. वायफाय मोजणारी फुकट अॅप आहेत, ती उणे आकडा दाखवतात. उणे ६५ च्या आसपास असेल तर ठीक, उणे ७५ च्या खाली गेला की भरवसा नाही. आमच्या गेटवर उणे ८१ होता. कारण शोधायला मला महिना लागला आणि ते डोळ्यासमोरच होतं, पावसाळ्यासाठी बाबांनी पडवीपुढे पत्र्याची शेड घातली होती. पत्रा वायफाय अडवतो, त्यात राउटर जांभ्याच्या दीड फुटी भिंतीच्या आत आणि मधे ओला आंबा, ओली पानं पण सिग्नल खातात. म्हणून उन्हाळ्यात चाललेला कॅमेरा पावसात चालेलच असं धरू नका, मोजायचं ते भर पावसात मोजा.

आता विकतचे उपाय.

रिपिटर सगळ्यात स्वस्त, हजार ते दोन हजारात होतो, प्लगमध्ये खोचला की झालं. इथे एक चूक जवळजवळ सगळेच करतात, मीही केली, ती म्हणजे रिपिटर कॅमेऱ्याच्या शेजारी लावायचा. तिथे मुळात सिग्नलच मेलेला असतो, तर रिपिटर तोच मेलेला सिग्नल पुढे देतो. तो अधल्यामधल्या जागी हवा, जिथे राउटरचा सिग्नल अजून चांगला आहे. आम्ही पडवीतल्या खिडकीशी लावला तेव्हा गेटवर उणे ६८ आला आणि दिवसाला दहा वेळा जाणारा कॅमेरा आठवड्यातनं एकदा जायला लागला. रिपिटरने स्पीड अर्धा होतो म्हणतात ते साध्या रिपिटरबाबत खरंय, पण दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला एक-दोन एमबीपीएस पुरतात त्यामुळे त्याची काळजी नको. खरा त्रास लाइट गेल्यावर. आमच्याकडे पावसात दिवसातनं चारदा लाइट जाते, परत आली की रिपिटर आणि कॅमेरा मिनिटात जागे होतात आणि फायबरच्या डब्याला तीन-चार मिनिटं लागतात, मग कॅमेरा रिपिटरला चिकटून बसतो, 'जोडलंय' म्हणतो आणि नेट नसतंच, आणि कधीकधी ते आपलंआपण सावरत नाही. सत्तरीच्या बाबांना दर वेळी फोन करून "तो प्लग काढा आणि परत लावा" सांगणं मला पटेना, त्यांनाही छत्री घेऊन गेटपर्यंत जावं लागायचं.

मेश, म्हणजे घरात ठिकठिकाणी ठेवून मिळून एकच वायफाय देणारे डबे, त्यावर मी फार ताणून लिहीत नाही. दोन डब्यांचा सेट साडेचार-पाच हजारांपासून पुढे. घरभरच रेंजचा त्रास असेल, वरच्या मजल्यावर कोणी कामाला बसत असेल तर जरूर घ्या, एकाच नावावर सगळं घर चालतं आणि रिपिटरपेक्षा पुष्कळ शहाणं आहे. पण नुसत्या गेटच्या कॅमेऱ्यासाठी नको. दोन डबे आपसात वायफायनेच बोलत असतील तर मधली जांभ्याची भिंत त्यांनाही आडवी येतेच, बहुतेक डबे घरातच ठेवायचे असतात, आणि २.४ वेगळं करायची सोय प्रत्येक सेटमध्ये मिळत नाही, ती आहे का हे दुकानातच विचारून घ्या.

केबलवर मी शेवटी आलो आणि आधीच यायला हवं होतं. कॅमेरा एका जागेवरनं हलत नाही, मग त्याला वायफाय कशाला? कॅट६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे बहुतेक घरांना पुरून उरते, आणि पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) असेल तर त्याच केबलमधनं वीजही जाते, म्हणजे गेटवर प्लगपॉइंट नको आणि ती बारीक वायरची भानगडही नाही. साध्या पीओईत वीज देणाऱ्या टोकाकडनं १५.४ वॅट निघतात, घरगुती कॅमेऱ्याला सहसा एवढे लागतही नाहीत. आमचा कॅमेरा वायफायवाला होता पण मागे लॅनचं पोर्ट होतं, तर घरात पीओई इंजेक्टर (केबलमध्ये वीज घालणारा डबा) आणि गेटवर १२ व्होल्टचा स्प्लिटर (वीज आणि नेट परत वेगळं करणारा) लावला, काम झालं. पोर्टच नसेल तर जुना राउटर बाहेर काढा, केबल गेटजवळच्या एखाद्या छपराखाली न्या आणि त्याला अॅक्सेस पॉइंट करा, म्हणजे केबलमधलं नेट तो वायफायने देईल, त्याचं डीएचसीपी (यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटायची सेटिंग) मात्र बंद करा नाहीतर दोन राउटर पत्ते वाटत बसतील.

केबल घेताना दोन गोष्टींवर अडून बसा. एक, पूर्ण तांब्याची मागा, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते आणि तिच्यातनं वीज न्यायला ती चांगली नाही. कापून बघा आणि तारेचं टोक ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं तर परत द्या. दोन, बाहेरची काळ्या कव्हरची घ्या, घरातली राखाडी केबल उन्हाने तडकते. मला मीटरला तीस रुपये पडले, चाळीस मीटर लागली, गडग्याच्या कडेने पीव्हीसी पाइपमधनं नेली. खर्च रिपिटरच्या दुप्पट झाला आणि वायरमनचा एक दिवस गेला. कोकणातल्या लोकांनी विजांचा विचार करा, घराकडच्या टोकाला इथरनेट सर्ज प्रोटेक्टर लावून त्याला नीट अर्थिंग द्या.

सिमवाला ४जी कॅमेरा काकांच्या आंब्याच्या बागेत लावला, कारण तिथे दुसरं नेटच नाही. अशा जागी तोच बरोबर. पण लाइव्ह चालू ठेवायचा विचार असेल तर हिशेब करा, २ एमबीपीएसने चोवीस तास म्हणजे दिवसाला साडेएकवीस जीबी, आणि आपले रोजचे पॅक दीड-दोन जीबीचे. म्हणून हालचाल झाली तरच क्लिप पाठवायची सेटिंग ठेवावी लागते, बाकी कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डवर. घेण्याआधी त्या जागी कुठल्या सिमला नेट चालतं ते संध्याकाळी बघा, सकाळी टॉवर मोकळा असतो आणि फसायला होतं. घरी फायबर असताना मात्र सिमवाला घेऊ नका, दर महिन्याचं रिचार्ज कशाला मागे लावून घ्यायचं.

भाड्याचं घर असेल आणि मालक भिंतीला भोक पाडू देत नसेल तर सेटिंग आणि नीट जागेवरचा रिपिटर एवढंच करा. स्वतःचं घर आणि म्हातारी माणसं एकटी असतील तर माझं मत सरळ केबल. आणि काहीही निवडलंत तरी फायबरच्या डब्याला आणि राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा, आमच्याकडे पीओई इंजेक्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला आणि आता लाइट गेली तरी कॅमेरा जात नाही. मेमरी कार्डही टाकून ठेवा, नेट तुटलेलं असताना गेटवर कोण आलं होतं ते निदान नंतर तरी बघता येतं.