दारावरची पुली आणि आमच्या घरातले तीन खांदे

दाराच्या चौकटीत अडकवायची खांद्याची पुली मी चौदा महिन्यांपूर्वी घेतली. आता तिच्याबद्दल लिहावंसं वाटतंय, कारण मी ती घेतली तेव्हा कुठल्याच रिव्ह्यूमध्ये मला हवी असलेली माहिती नव्हती. 'मस्त आहे, दोरी मजबूत आहे' एवढंच सगळीकडे. दोरी मजबूत आहे हे खरंच. पण ती कुठल्या खांद्याला द्यायची आणि कुठल्या खांद्यापासून लांब ठेवायची, हे कोणी लिहिलं नव्हतं.

वस्तू अगदी साधी आहे. कापडी पट्टा, त्याच्या एका टोकाला दारापलीकडे अडकणारा जाड गोळा, दुसऱ्या टोकाला छोटी कप्पी, तिच्यातून जाणारी दोरी आणि दोरीच्या दोन्ही टोकांना मुठी. चांगल्या हाताने एक मूठ खाली ओढायची की दुखरा हात दुसऱ्या मुठीबरोबर वर जातो. म्हणजे दुखऱ्या हाताने स्वतः जोर लावायचाच नाही. सगळं मर्म या एका गोष्टीत आहे, आणि मी नेमकी तीच आधी चुकवली.

माझा डावा खांदा दुखायला लागला तेव्हा मी बावन्न वर्षांची होते, मधुमेहाला नऊ वर्षं झाली होती. सुरुवातीला फक्त रात्री दुखायचं. डाव्या कुशीवर वळलं की जाग यायची. मग वेणी घालताना हात मागे जाईना, पाठीमागचा हुक लागेना. शाळेत भिंतीवर नकाशा टांगायचा तर मुलांना सांगावं लागायचं. दोन महिन्यांनी एक व्हिडिओ पाहून मी ही पुली मागवली. व्हिडिओतल्या बाई सांगत होत्या, दुखलं तरी थांबू नका, सांधा मोकळा होतोय असं समजा. मी दात-ओठ खाऊन तीन आठवडे ओढलं. त्या तीन आठवड्यांत हात आणखी दोन बोटं खाली आला आणि रात्रीची झोप पार गेली.

तेव्हा हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे काढायच्या आधी एक तपासणी केली. ती मी सगळ्यांना सांगते. कोपर कमरेला चिकटवायचं, काटकोनात वाकवायचं आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवायचा. उजवा हात साठ अंशांपर्यंत सहज गेला. डावा जेमतेम दहा. मग त्यांनी स्वतः माझा हात धरून फिरवून पाहिला, तरी दहाच. खरी खूण ती. स्नायूबंध, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, फाटलेला असेल तर बहुतेक वेळा रुग्णाला स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर जातो. इथे दुसऱ्यानेही जात नव्हता. एक्स-रे स्वच्छ निघाला. तो काढायचा असतो तो संधिवात, हाडाची झीज किंवा स्नायूबंधात साचलेला चुना नाही ना, हे पाहण्यासाठी. निदान झालं फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा जखडणं.

हे नाव १९३४ साली अर्नेस्ट कॉडमन या अमेरिकन सर्जनने दिलं. सांध्याभोवती एक पातळ, सैलसर पिशवी असते. ती सुजते, जाड होते, आकसते. साधारण शंभरात दोन ते पाच लोकांना हे होतं, पण मधुमेह असलेल्यांत प्रमाण दहा ते वीस टक्क्यांपर्यंत जातं. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनाही धोका जास्त. वय बहुधा चाळीस ते साठ, आणि बायकांमध्ये अधिक. नऊ वर्षं मी पायांची, डोळ्यांची तपासणी न चुकता करत आले, पण मधुमेहाचा खांद्याशी संबंध असतो हे मला कोणी एकदाही सांगितलं नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

या दुखण्याच्या तीन अवस्था असतात. पहिलीत वेदना जास्त आणि हालचाल कमी होत जाते. दुसरीत वेदना उतरते, पण हात अडकलेलाच राहतो. तिसरीत तो हळूहळू सुटतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात. मी पुली घेतली ती पहिल्या अवस्थेच्या ऐन मध्यावर, पिशवी पेटलेली असताना. पेटलेल्या पिशवीला ताण दिला की ती आणखी चिडते. त्यामुळे माझी पहिली तक्रार वस्तूबद्दल नाही, खोक्याबद्दल आहे. त्यावर सहा व्यायामांची चित्रं आहेत, पण 'रात्री झोप येत नसेल एवढं दुखत असताना हे सुरू करू नका' ही एक ओळ नाही. ती असती तर माझे तीन आठवडे वाचले असते.

डॉक्टरांनी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. दुखण्याच्या काळात त्याने चांगला आराम मिळतो, मलाही चौथ्या दिवशी शांत झोप लागली. पण मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर चढते. माझी पाच दिवस चढलेली होती, रोज तपासून गोळ्यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारावं लागलं. मग महिनाभर फक्त लोंबता हात. टेबलावर उजवा हात टेकवून पुढे वाकायचं, डावा सैल सोडायचा आणि अंग हलवून तो लंबकासारखा झुलू द्यायचा. या व्यायामालाही त्याच कॉडमनचं नाव आहे.

पाचव्या महिन्यात फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, "आता तुमची ती पुली काढा." आणि मग मला ती वस्तू कळली.

आधी दहा मिनिटं गरम शेक. खुर्ची दारासमोर, तोंड दाराकडे. दोरीची लांबी अशी की दुखरा हात मांडीवर असताना दुसरी मूठ चांगल्या हाताच्या आवाक्यात राहील. सावकाश ओढायचं, जिथे ताण जाणवेल तिथे पाच आकडे मोजायचे, तेवढ्याच सावकाश सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. थोडं दुखेल, पण व्यायाम संपल्यावर ते लवकर ओसरलं पाहिजे. रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं.

त्यांनी आणखी एक गोष्ट करायला लावली, समोर आरसा ठेवणं. हात पूर्ण वर जातो तेव्हा त्या एकशे ऐंशी अंशांपैकी साधारण एकशे वीस गोलाच्या सांध्यातून येतात आणि साठ पाठीवरच्या फऱ्याच्या हाडातून. सांधा जखडला की शरीर फऱ्याचं हाड जास्त उचलून भागवून घेतं. खांदा कानाला लागतो, कंबर एका बाजूला झुकते आणि मूठ वर गेलेली दिसते. आरशात पाहिलं तेव्हा माझा खांदा खरोखरच कानाजवळ होता. तो खाली ठेवून ओढलं तर हात पंच्याण्णव अंशांवर थांबत होता. पुली वापरणाऱ्या प्रत्येकाने पहिले पंधरा दिवस तरी आरसा ठेवावा, असं मी मनापासून सांगेन.

दार कुठलं निवडायचं, हेही महत्त्वाचं. ओढल्यावर दार आणखी घट्ट लागेल अशा बाजूला बसा, कडी लावा आणि घरच्यांना सांगून ठेवा. एकदा यांनी पलीकडून दार उघडलं आणि गोळ्यासकट पट्टा माझ्या अंगावर आला. खांद्याला धक्का बसून दोन दिवस गेले. तेव्हापासून दाराच्या दोन्ही बाजूंना कागद चिकटवलाय.

वस्तूचे दोष म्हणाल तर मुठींवरचा स्पंज सातव्या महिन्यात फाटला, आता मी त्यावर जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळली आहे. कप्पीचा कर्कश आवाज होतो. लांबी बदलण्याचा धातूचा चाप एका हाताने उघडत नाही, आणि ही वस्तू घेणाऱ्यांचा एकच हात चालत असतो, हे बनवणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं होतं. दोरी आणि कप्पी मात्र आजही पहिल्यासारखी.

आमच्या घरात याच पुलीकडे आणखी दोन खांदे आले. दीरांचा खांदा हात साठ ते एकशे वीस अंशांमध्ये असताना दुखायचा, त्याच्या वर गेला की थांबायचा. हा प्रकार वेगळा. खांद्याच्या गोलाला वाटीत धरून ठेवणारे चार स्नायू असतात, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात, आणि त्यातल्या वरच्या स्नायूबंधाचं हे दुखणं असतं. भावजींनी महिनाभर माझी पुली ओढली. हात वर जातच होता, त्यामुळे मिळवण्यासारखं काही नव्हतंच. त्यांना गुण आला तो रबरी पट्ट्याने, रोज थोडा थोडा जोर वाढवत केलेल्या व्यायामाने, तीन महिन्यांनी. मधे कोणीतरी त्यांना वरचं हाड दुर्बिणीने घासून घ्यायचा सल्ला दिला होता. २०१८ साली ब्रिटन आणि फिनलंडमध्ये या शस्त्रक्रियेची तुलना नुसत्याच दुर्बीण घालून केलेल्या खोट्या शस्त्रक्रियेशी झाली, आणि रुग्णांना जाणवेल असा फरक निघाला नाही. भावजींना मी हे वाचून दाखवलं होतं. (पडून किंवा झटक्याने स्नायूबंध एकदम फाटला आणि हात उचलेनासाच झाला, तर मात्र थांबू नये. ती गोष्ट निराळी, तिथे वेळेला किंमत असते.)

दुसरा खांदा पुतण्याचा, एकोणीस वर्षांचा. व्हॉलीबॉल खेळताना निखळला. खांद्याची वाटी उथळ असते, गोल तिच्यावर नुसता टेकलेला असतो. म्हणून हा सांधा सगळ्यात जास्त फिरतो आणि सगळ्यात जास्त वेळा निखळतोही, बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. तरुण वयात एकदा निखळला की पुन्हा निखळण्याची शक्यता मोठी. झोळी निघाल्यावर तो पुलीकडे वळला, तेव्हा मी ती कपाटात ठेवून दिली. त्याचा खांदा आखडलेला नव्हता, सैल झाला होता. त्याला ताण नको, स्नायूंची पकड हवी होती. दुसऱ्यांदा निखळल्यावर वाटीची फाटलेली कड दुर्बिणीतून शिवली. तेव्हाही सर्जनने आखून दिलेल्या दिवसांच्या आधी पुली नाहीच.

आणखी एका ठिकाणी ही पुली मी कधीच देणार नाही. पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या हाताला. तिथे स्नायू सांधा धरून ठेवत नाहीत, आणि दोरीने हात वर खेचला की खांद्याचं दुखणं वाढतं. प्रेमापोटी घरचे लोक नेमकं हेच करतात.

माझा हात आता एकशे साठ अंशांपर्यंत जातो. वेणी घालते, नकाशा टांगते. बाहेर फिरवणं पंचेचाळीसपर्यंतच आलंय, कारण पुली ती हालचाल देतच नाही. त्यासाठी दोन्ही हातांत काठी आडवी धरून उजव्याने डाव्याला बाहेर ढकलायचं, हा वेगळा व्यायाम आहे. पुली घेतली तरी काठी घ्याच. इतकं करूनही हात सुटला नसता, तर भूल देऊन सांधा मोकळा करणं किंवा दुर्बिणीतून पिशवी कापणं हे पर्याय होते. २०२० साली ब्रिटनमध्ये पाचशे तीन रुग्णांवर या दोन्हींची आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपीची तुलना झाली. वर्षाअखेर तिन्हींपैकी एकही उपचार इतरांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. हे कळल्यावर मला दोरी ओढत बसायला धीर आला.

पाचपैकी चार तारे. एक तारा खोक्यावर नसलेल्या त्या ओळीसाठी कापला.

परवा शाळेतल्या एका मैत्रिणीने ही पुली मागितली. खांदा दीड महिन्यापासून दुखतोय, रात्री झोप नाही. मी तिला स्टाफरूममध्येच कोपर कमरेला लावून हात बाहेर फिरवायला सांगितलं. वीस अंशही गेला नाही. शेवटची साखर कधी तपासली होती, हे तिला आठवेना. पुली अजून माझ्याच दारावर आहे. तिची डॉक्टरांची वेळ गुरुवारची घेतली आहे, मी बरोबर जाणार आहे.