अडीचशे रुपयांचं पिवळं मीटर जुन्या गाडीला पुरतं का? डीटी-८३०डी मल्टिमीटर

सांगली-मिरजेत इलेक्ट्रिकच्या दुकानात मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट, अँपिअर आणि ओहम (रोध) मोजणारं मीटर, मागितलं की बहुधा हेच समोर येतं. पिवळा डबा, मधे काळी चकती, खाली तीन भोकं आणि लाल-काळ्या वायरी. किंमत दोनशे ते तीनशे. या एकाच नावाने अनेक जण मीटर बनवतात, त्यामुळे आतलं काम थोडंफार बदलतं, मांडणी मात्र तीच राहते. प्रश्न असा, की मारुती ८००, ओम्नी, झेन, पद्मिनी किंवा जुन्या जीपच्या दुरुस्तीला ते चालतं का? चालतं. डीसी व्होल्ट मोजायला तर उत्तम चालतं. अट एवढीच, की ते कुठे फसवतं हे आधी माहीत हवं.

जुन्या गाडीत पार्ट मरतो त्यापेक्षा जोड जास्त मरतात. कृष्णाकाठी तर हे दुप्पट खरं आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या आजही फिरतात. वरून त्या स्वच्छ दिसतात, पण कनेक्टरच्या आत तांब्यावर हिरवा कळंक आणि अर्थच्या (बॅटरीचा मायनस बॉडीला जोडणाऱ्या) बोल्टखाली गंज असतो. अशा गाडीत आधी सेल्फ, मग बॅटरी, मग अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदलत जायचं आणि दोष तिथेच राहायचा. हा खर्च मीटर वाचवतं.

सुरुवात बॅटरीपासून करायची. चकती डीसी २० वर ठेवायची, काळी वायर ‘कॉम’मध्ये आणि लाल मधल्या भोकात. गाडी नुकतीच बंद केली असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करावेत आणि पाच मिनिटं थांबावं, नाहीतर वरवरचा चार्ज आकडा फुगवतो. १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून घ्यावी. अर्धी उतरलेली बॅटरी लावून पुढचं काहीही तपासू नये, सगळे आकडे खोटे येतात.

मग सेल्फ मारताना मोजायचं. गाडी सुरू होऊ नये म्हणून पॉइंटच्या गाडीत (डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडून-मिटून ठिणगी पडते ती) ठिणगीच्या कॉइलच्या प्लसची बारीक वायर काढावी, एमपीएफआयमध्ये (कॉम्प्युटरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत) पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून आतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्यावं. कॉइलची जाड वायर उपसून तशीच लोंबती ठेवू नये, ठिणगीला वाट मिळाली नाही की कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फुटू शकतं. या मीटरचा आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, म्हणून सेल्फ तीन-चार सेकंद मारावा लागतो. त्या वेळी बॅटरीवर ९.६ च्या खाली जायला नको.

मीटरचं खरं मोल आता सुरू होतं. बहुतेक जण अर्थिंग ओहमवर तपासतात आणि ‘बरोबर आहे’ म्हणून सोडून देतात. या मीटरची सगळ्यात लहान ओहम रेंज २०० ची, त्यात ०.१ ओहमच्या खालचं काहीच दिसत नाही. शिवाय सोबतच्या वायरींचाच रोध अर्ध्या ओहमच्या आसपास निघतो. सेल्फला मात्र शंभर अँपिअर लागतात. अर्थच्या जोडात ०.०२ ओहम जरी असले तरी १०० × ०.०२ म्हणजे २ व्होल्ट वाटेतच जातात आणि सेल्फ रडत फिरतो. ओहमवर न दिसणारा हा दोष व्होल्टवर लगेच दिसतो.

काळी टोकणी (मीटरच्या वायरीचं टोक) बॅटरीच्या मायनस खुंटीवर, म्हणजे शिशाच्या खुंटीवरच, टर्मिनलच्या पट्टीवर नाही. लाल टोकणी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर खराब. मग एकेक टप्पा पुढे सरकायचं: खुंटी ते टर्मिनल, टर्मिनल ते बॉडी, बॉडी ते गिअरबॉक्स. आकडा जिथे उडी मारतो तिथेच दोष. प्लसच्या बाजूला खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

गिअरबॉक्सकडून बॉडीला जाणारी विणलेली अर्थची पट्टी तुटली की करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट ॲक्सिलरेटरची किंवा चोकची केबल असू शकते. केबल विनाकारण गरम होते, आतून कडक होते, कधी अडकूनही बसते. नवी केबल टाकून काही महिन्यांत पुन्हा जाम होत असेल तर केबल बाजूला ठेवून आधी पट्टी तपासावी. उपाय स्वस्त आहे. बोल्ट काढा, बॉडीवरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, दातेरी वायसर घालून आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी नाही, आवळल्यानंतर.

हीच रीत हेडलाइटला लावली की आश्चर्य वाटेल असे आकडे येतात. ५५/६० वॉटचे दोन बल्ब, म्हणजे अप्परवर दोघांचे मिळून १० अँपिअर. अनेक जुन्या गाड्यांत हा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या स्विचमधून जातो. इंजिन चालू, अप्पर लावलेला, कनेक्टर बल्बला जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूने टोकणी घालून मोजायचं. बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर ११.८ असेल तर दोन व्होल्ट स्विच आणि वायरीत जळताहेत. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घसरलं की उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घसरतो. म्हणूनच पिवळा पडलेला लाइट घेऊन लोक जास्त वॉटचे बल्ब टाकतात आणि स्विच आणखी जाळतात. दोन रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), बॅटरीपासून फ्यूज लावून आणलेली अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि बल्बचा अर्थ नीट केला की मूळ बल्बच पांढरा पडतो. ताकारी-पलूसच्या बाजूला ऊस हंगामात रात्री बिनलाइटची ट्रॉली पुढे येते, तेव्हा हा उजेड लागतोच.

चार्जिंग तपासायला हेडलाइट आणि ब्लोअर लावून, इंजिन साधारण दोन हजार आरपीएमवर धरून बॅटरीवर मोजावं. १३.८ ते १४.४ योग्य. १४.८ च्या वर राहिलं तर रेग्युलेटर गेला, बॅटरीचं पाणी उडत राहणार. १३.२ च्या खाली असेल तर पट्टा, अल्टरनेटरचे कार्बन (ब्रश), मागचा कनेक्टर, या क्रमाने बघा. अल्टरनेटरचा एखादा डायोड गेला आहे का, हे मात्र गाडीवर बघताना हे मीटर सांगू शकत नाही. त्याची एसीची लहान रेंजच २०० व्होल्टची, तिथे अर्ध्या व्होल्टची लहर दिसत नाही. उलट अनेक मीटरांत एसी रेंजवर डीसी मोजलं तर भलताच आकडा येतो, आणि तो बघून चांगले अल्टरनेटर उघडले जातात. अल्टरनेटर उतरवून डायोड सुटे करून डायोडच्या खुणेवर तपासणं हाच खात्रीचा मार्ग. एका बाजूने ५०० ते ६०० च्या आसपास आकडा आणि उलटं धरलं की डावीकडे नुसता १, म्हणजे करंट जात नाही.

इंजिनच्या कामात ओहम रेंजही बऱ्यापैकी उपयोगी पडते. आधी दोन्ही टोकण्या एकमेकींना लावून येणारा आकडा लिहून ठेवायचा आणि प्रत्येक मापातून वजा करायचा. बॅलास्ट (कॉइलच्या आधी जोडलेला वेगळा रोध) नसलेल्या पॉइंटच्या कॉइलचा प्रायमरी रोध साधारण ३ ओहम असतो, बॅलास्टवाल्याचा दीडच्या आसपास. सेकंडरी काही हजार ओहम. पॉइंट तपासायला मात्र पुन्हा व्होल्टकडेच यावं: इंजिन बंद, पॉइंट मिटलेले, चावी ऑन, कॉइलचा मायनस ते बॉडी मोजा. ०.२ च्या वर आलं तर पॉइंट जळालेत किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतली अर्थ वायर तुटत आली आहे. अर्ध्या मिनिटात चावी बंद करा, कॉइल तापते. इंजिन चालू असताना कॉइलच्या मायनसला मीटर लावूच नये. पॉइंट उघडताना तिथे शेकडो व्होल्टचा झटका येतो, मीटर तिथेच जातं.

एमपीएफआय झालेल्या ८०० किंवा झेनमध्ये पेट्रोल जास्त खाणं, प्लग काळे पडणं आणि गरम इंजिनाला हंटिंग (आयडलला आरपीएम वर-खाली होणं) अशी तक्रार असेल तर दोन वायरींचा पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बघा. एका वायरीचा असतो तो बहुधा डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याचा. त्या काळच्या सुझुकी इंजिनांत या सेन्सरचा रोध २० अंशाला २.२ ते २.७ किलोओहम, ४० ला साधारण ११००, ८० ला ३०० ओहमच्या आसपास. सेन्सर पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत धरून हे घरी तपासता येतं. सेन्सर बरोबर निघाला तर कनेक्टर उघडा. तिथे कळंकाने ८०० ओहम वाढवले असतील तर ८० अंशाचं इंजिन ईसीएमला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) ४० चं वाटतं, आणि तो थंड इंजिनासारखं पेट्रोल ओतत राहतो. नवे प्लग टाकले तरी पुन्हा काळेच होणार. कार्बोरेटरच्या गाडीत आयडलला बंद पडत असेल आणि कार्बोरेटरवर सोलेनॉइड (विजेने उघडणारा व्हॉल्व्ह) असेल, तर चावी ऑन केल्यावर त्याच्या वायरीत १२ व्होल्ट येतात का आणि ‘टक्’ आवाज होतो का, एवढं आधी बघावं. कार्बोरेटर खोलणं त्यानंतर.

एक फसगत सगळ्यांची होते. मीटरचा स्वतःचा रोध सुमारे दहा लाख ओहम, त्यामुळे वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी ते पूर्ण १२ व्होल्ट दाखवतं. म्हणून मोजताना त्या वायरीवर ओझं हवं. ब्रेक लाइटचा २१ वॉटचा बल्ब होल्डरमध्ये बसवून दोन वायरी काढल्या की झालं. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. बल्ब लावताच आकडा १२ वरून ५ वर आला तर वायर आतून गेलेली आहे.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते त्याचा शोध हे मीटर घेतं, पण धोकाही इथेच आहे. १० अँपिअरच्या भोकाला आत फ्यूज नाही, नुसती जाड तार आहे. लाल वायर त्या भोकात राहिली आणि टोकण्या बॅटरीवर लावल्या की थेट शॉर्ट. वायरी वितळतात, हात भाजतो. लाल वायरीत १० अँपिअरच्या ब्लेड फ्यूजचा होल्डर जोडून घ्यावा, तीस-चाळीस रुपयांचं काम. मायनस टर्मिनल काढून मीटर मधे घातलं की चावीला हात लावायचा नाही आणि दार उघडायचं नाही. ०.०५ पर्यंत चालेल. ०.४ म्हणजे पाच वॉटचा एखादा दिवा, बहुधा डिकीचा, पेटलेला आहे. ३५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी तो साडेतीन दिवसांत रिकामी करतो. टर्मिनल न काढताही शोधता येतं. रेंज २०० मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक ब्लेड फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर टोकण्या टेकवा. १० अँपिअरच्या फ्यूजचा रोध सात-आठ मिलिओहम असतो, म्हणजे ०.४ अँपिअर वाहत असेल तर ३ मिलिव्होल्टच्या आसपास दिसेल. ज्यातून काहीच वाहत नाही तिथे शून्य. ही पद्धत सुरक्षित, आणि या मीटरवर ती खरोखर छान चालते.

मीटरची सगळ्यात वाईट खोड म्हणजे आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की ते आकडे वाढवून दाखवतं. बंद गाडीवर १४-१५ दिसले तर गाडीवर संशय घेऊ नका. बॅटरीची खूण काही मीटरांत दिसतच नाही, म्हणून काम सुरू करण्याआधी नव्या पेन्सिल सेलवर मोजावं, १.५ ते १.६ आलं पाहिजे. प्लग वायरींजवळ चालू इंजिनात आकडे नाचतात, तिथून लांब धरावं. सोबतच्या वायरी प्लगच्या मुळाशी तुटतात. शंभर-दीडशेच्या सिलिकॉन वायरी आणि दोन मगरचिमटे घेतले की कामाची गती दुप्पट होते.

सेल्फचा किंवा अल्टरनेटरचा करंट मोजायचा असेल तर क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारं) लागेल, पण घेताना डीसी अँपिअर मोजतं का ते बघूनच घ्या. बाजारातली स्वस्त क्लॅम्प मीटरं बहुतेक फक्त एसीची, गाडीला निरुपयोगी. मोबाइलला जोडायची ओबीडी डोंगलंही (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारी) इथे फारशी कामाची नाहीत. आपल्याकडे ओबीडी सक्तीचं झालं ते बीएस-४ या प्रदूषण नियमासोबत, २०१० पासून. त्याआधीच्या गाड्या अनेकदा त्यांच्याशी बोलतच नाहीत.

दुकानात पैसे देण्याआधी चकती सगळ्या खुणांवरून एकदा फिरवा, आकडा कुठे गायब होत नाही ना बघा. टोकण्या जुळवून २०० ओहमवर १ च्या आत येतं का आणि सेलवर १.५ येतं का, एवढं दोन मिनिटांत कळतं. गाडीत ठेवणार असाल तर डॅशबोर्डवर नको, उन्हात काच आणि सेल दोन्ही जातात. सीटखाली, ९ व्होल्टची बॅटरी काढून.